लेकीची कॅनडाची फाइल

माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाला दोन तारखा आहेत. कवळ्याला मंगलाष्टके होऊन अक्षता पडल्या त्या ७ डिसेंबर २०२३ रोजी. फोंड्याला सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोघांची ‘दुसरी सही’ झाली ती २० डिसेंबरला. घरात लग्नाचा वाढदिवस आम्ही ७ तारखेलाच धरतो. जावयांनी तिला कॅनडाला नेण्यासाठी केलेल्या अर्जात मात्र लग्नाची तारीख २० डिसेंबर आहे, आणि ती तशीच हवी. आम्ही आधी एका फॉर्ममध्ये ७ लिहून बसलो होतो. रात्री लग्नाचा दाखला समोर ठेवून एकेक रकाना ताडून बघताना चूक लक्षात आली, नाहीतर तशीच पुढे गेली असती.

मी गोव्यातल्या शिरोड्याचा. ३४ वर्षे मराठी प्राथमिक शाळांत शिकवले. जावई मूळ डिचोलीचे, कॅलगरीत नोकरीला, तिथले पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे नागरिक नसले तरी कायम राहण्याचा हक्क असलेले. आमची रात्र ती त्यांची सकाळ, त्यामुळे इकडचे कागद जमवण्याचे काम माझ्याकडे आले. मुलगी आता कॅलगरीला आहे. तेव्हापासून ओळखीच्या घरांतून ‘सर, तुम्ही काय काय केलेत?’ असे फोन येतात. फोनवर सांगताना काहीतरी राहून जातेच, म्हणून लिहून काढतो. हे सगळे कॅनडाच्या पती-पत्नी स्पॉन्सरशिपपुरते, म्हणजे हमी देऊन जोडीदाराला तिथे कायमचे नेण्यापुरते आहे. शुल्काचे आकडे मुद्दाम देत नाही. ते बदलतात, अर्ज भरायच्या दिवशी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

दुसरी सही

लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने ते वैध असले पाहिजे, ही कॅनडाची पहिली अट. महाराष्ट्रातल्या माझ्या मेहुण्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, सप्तपदी झाली की लग्न झाले. त्यांच्याकडे ते बरोबर. आपल्याकडे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता, १९१०चा विवाह कायदा आणि १९१२ची नागरी नोंदणी संहिता गोवामुक्तीनंतरही चालू राहिली. त्यामुळे गोव्यातल्या हिंदूंचे लग्न कायद्याने होते ते रजिस्ट्रारच्या वहीत. पहिली सही म्हणजे ‘आम्ही लग्न करू इच्छितो’ एवढेच निवेदन. त्यानंतर हरकतींसाठी नोटीस लागते, मुदत जाते, आणि मग साक्षीदारांसमोर दुसरी सही होते. तिथे लग्न पुरे होते.

माझ्या माहितीतल्या एका घरात पहिली सही झाली, थाटात लग्न लागले, आणि नवरदेव रजा संपली म्हणून परदेशी निघून गेला. दुसरी सही राहिली. सहा महिन्यांनी फाइल करायला बसले तेव्हा हातात लग्नाचा दाखलाच नव्हता. त्या मुलीचे वर्ष गेले. म्हणून मुलाच्या रजेचे गणित मुहूर्तावरून मांडू नका, दोन सह्यांवरून मांडा. आमचे जावई चार आठवडे आले होते. १ डिसेंबरला पहिली सही केली. दुसरीसाठी मी १९ तारीख मनात धरली होती आणि विसरलो की तो मुक्तिदिन, कार्यालये बंद. २०ला झाली. मध्ये तीन-चार दिवस हाताशी राहतील असेच विमानाचे तिकीट काढा.

मुलाला येणे जमत नसेल तर मुखत्यारपत्रावर काहीतरी करू, असे सुचवणारे भेटतात. ऐकू नका. लग्नाच्या वेळी दोघांपैकी एक जण प्रत्यक्ष हजर नसेल, तर असे लग्न जून २०१५पासून कॅनडा इमिग्रेशनसाठी मानत नाही. फोनवरून, व्हिडिओवरून, प्रतिनिधीमार्फत, काहीच चालत नाही.

मालमत्तेबाबत वेगळा करार करायचा असेल तर तो आपल्या कायद्याने लग्नाआधीच करावा लागतो. त्याचा या फाइलशी संबंध नाही, पण मुलीच्या बापाने त्याच वेळी विचार करावा असा तो विषय आहे.

दुसरी सही झाल्यावर दाखल्याच्या चार प्रमाणित प्रती एकदम घेऊन ठेवा. आणि दोन तारखांचा खुलासा एका पानावर इंग्रजीत लिहून जोडा: धार्मिक विधी अमुक तारखेला, कायदेशीर नोंदणी अमुक तारखेला, गोव्यात हीच पद्धत आहे. फोटो ७ तारखेचे आणि दाखला २० तारखेचा, हे तिकडच्या अधिकाऱ्याच्या नजरेला पडणारच. त्याने विचारण्याआधी आपण सांगितलेले बरे.

नावाचे अक्षर

माझा जन्म मुक्तीपूर्वीचा. माझ्या जन्मनोंदीत ‘नाईक’ हे आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आहे, शेवटी क्यू-यू-ई. मुलीच्या जन्माची नोंद करताना मी तोच कागद पुढे केला, म्हणून तिच्या जन्मदाखल्यात बापाचे आडनाव तसेच आले. माझ्या पासपोर्टात आणि तिच्याही पासपोर्टात साधा ‘के’. म्हणजे कागद वाचणाऱ्याला बाप एक आणि मुलगी दुसऱ्याच कुणाची. गोव्यात ही गोष्ट घरोघर आहे. गावकर असो, कामत असो, शेट असो, जुन्या कागदांत ‘श’च्या जागी एक्स बसलेला असतो, ‘क’च्या जागी सी.

आम्ही नाव बदलण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्याला वेगळा कायदा आहे आणि वेळही लागतो. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र मी नोटरीसमोर केले आणि त्यासोबत दोन्ही कागद जोडले. फॉर्ममध्ये मात्र सगळीकडे पासपोर्टातले नाव, अक्षर न् अक्षर तसेच. स्वतः मुलीच्या नावात फरक असेल, तर प्रतिज्ञापत्रावर विसंबण्यापूर्वी वकिलाला विचारा.

लग्नानंतर लगेच पासपोर्टात नवऱ्याचे नाव घालायची घाई घरच्या बायका करतात. माझ्या पत्नीनेही केली. माझे मत असे की फाइल पुरी होईपर्यंत पासपोर्ट, आधार, बँक यांतले काहीही हलवू नये. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाने आडनाव बदललेच पाहिजे असे नाही. मुलगी माहेरच्या नावावर अर्ज करते, माहेरच्या नावावर विमानात बसते, पुढचे पुढे बघता येते.

फॉर्म

अर्ज ऑनलाइन, पर्मनंट रेसिडन्सच्या पोर्टलवरून जातो. आयएमएम ५५३३ ही कागदांची यादी. ती आधी छापून घ्या आणि भिंतीला लावा. मी देव्हाऱ्याशेजारी लावली होती आणि एकेक कागद आला की खूण करत होतो. आयएमएम १३४४ हा स्पॉन्सरचा अर्ज आणि हमीपत्र. आयएमएम ५५३२ नात्याविषयीचा, तो दोघांनी मिळून भरायचा. आयएमएम ०००८, ५६६९ आणि ५४०६ हे पोर्टलवरच भरले जातात. डाउनलोड केलेले फॉर्म मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, ‘थांबा’ असा संदेश दाखवत बसतात. ते संगणकावर अडोबी रीडरमध्येच उघडायचे. दोन दिवस मी इंटरनेट खराब आहे असे समजत होतो.

जावयांच्या बाजूने पर्मनंट रेसिडेंट (पीआर) कार्डाच्या दोन्ही बाजू, नोकरीचे पत्र आणि तिकडच्या कर खात्याचा ‘ऑप्शन सी’ नावाचा उतारा लागला. पत्नीला नेण्यासाठी ठराविक किमान उत्पन्नाची अट सहसा नसते. पण स्पॉन्सर करणारा दिवाळखोरीत नसावा आणि अपंगत्व सोडून अन्य कारणाने सरकारी मदतीवर जगत नसावा. तो स्वतःच आधीच्या लग्नातून स्पॉन्सर होऊन तिथे गेला असेल, तर पर्मनंट रेसिडेंट झाल्यापासून पाच वर्षे नव्या पत्नीला स्पॉन्सर करू शकत नाही. हा प्रश्न सोयरिकीच्या बोलणीतच विचारावा. अवघड वाटते, पण विचारावा. शिवाय तो पर्मनंट रेसिडेंट असेल तर त्याला स्पॉन्सर करताना कॅनडातच राहावे लागते. नागरिक असेल तर त्याला बाहेर राहूनही अर्ज करता येतो, फक्त पत्नीसोबत परत येऊन तिथे राहणार हे दाखवावे लागते.

नाते कागदावर

ठरवून केलेल्या लग्नात खरी कसोटी इथेच. ओळख कशी झाली, कुणी करून दिली, पहिल्यांदा कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होते, आईवडील होते का, लग्नानंतर किती काळ एकत्र राहिलात, हे सगळे विचारतात. आपल्याकडे आत्याने स्थळ सुचवले, दोन महिने फोनवर बोलणे झाले, एकदा भेट, साखरपुडा, लग्न, हा क्रम आपल्याला सरळ वाटतो. वाचणाऱ्याला तो घाईचा वाटू शकतो.

पहिला मसुदा मी लिहिला. शिक्षकाची सवय, ऋणानुबंध, दोन कुळांचा मिलाप, असे बरेच काही इंग्रजीत उतरवले. मुलीने वाचले आणि म्हणाली, “बाबा, हे तुमचे आहे, माझे नाही.” मग ती स्वतः बसली. आत्याने कोणत्या महिन्यात फोटो पाठवला, पहिला फोन किती वेळ चालला, त्यांना मासे खायचे नाहीत हे ऐकून आपल्याला कसे वाटले, पणजीला मांडवीच्या काठावर कुठे बसलो, हे तिने लिहिले. तिकडे जावयांनी आपले वेगळे लिहिले. दोघांच्या लिहिण्यात तारखा जुळल्या, शब्द जुळले नाहीत, आणि ते तसेच असावे. मुलीचे पान बापाने लिहू नये, एजंटाने तर मुळीच नाही.

फोटो जास्तीत जास्त २० चालतात. स्टुडिओच्या अल्बममधले, धुक्यात हातात हात घेतलेले, आम्ही एकही घेतले नाहीत. अंतरपाट धरलेला असताना मागे दोन्हीकडची माणसे दिसतात तो घेतला. देवीसमोर ओटी भरतानाचा घेतला. रजिस्ट्रारच्या दारात चौघे साक्षीदारांसह उभे आहोत तो साधा मोबाइलवरचा घेतला. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि डावीकडून कोण कोण.

संदेश आणि फोन यांचा पुरावा १० पानांत बसवायचा. इथे आमची मोठी अडचण झाली. दोघे बोलतात कोंकणीत, लिहितात रोमी अक्षरांत, मध्येच मराठी. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक ओळीचे भाषांतर द्यावे लागते. म्हणून आम्ही फोनच्या नोंदी जास्त दिल्या, तिथे तारीख, वेळ, मिनिटे एवढेच असते. संवादांपैकी महिन्याला एक असे वेचले आणि तेवढ्यांचेच भाषांतर केले. एकाच आठवड्याची १० पाने देण्यात अर्थ नाही. लग्नाआधीपासून आजपर्यंतचा धागा दिसला पाहिजे.

भाषांतर मी स्वतः करायला तयार होतो. लग्नपत्रिकेचे तर केलेही होते. पण घरच्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही, भाषा कितीही येत असली तरी. फोंड्याच्या एका परिचित भाषांतरकाराकडून करून घेतले, त्यांनी शपथपत्र दिले, सोबत मूळ कागदाची प्रत लावली.

जावयांनी विम्यात आणि नोकरीच्या ठिकाणी पत्नीचे नाव वारस म्हणून लावले, तो कागद जोडला. दरमहा पाठवलेल्या पैशांचा बँकेचा उतारा जोडला. असे रुक्ष कागद प्रेमपत्रांपेक्षा जास्त बोलतात, हे मला या वयात कळले.

दहा वर्षांचा हिशेब

५६६९ या फॉर्ममध्ये गेल्या दहा वर्षांचा महिन्यामहिन्याचा हिशेब लागतो. शिक्षण, नोकरी, आणि काहीच नसेल तर तेही. मुलगी बी.कॉम. झाल्यावर सात महिने घरी होती. ते ‘बेरोजगार, शिरोडा’ असे लिहायचे. आपल्याला लाज वाटते म्हणून तो काळ गाळला, तर फॉर्म अपुरा ठरतो. पुण्यात ती दोन खोल्या बदलून राहिली, ते दोन्ही पत्ते लिहिले. घरात कुणी बोटीवर किंवा आखातात नोकरी केली असेल तर हे काम आधी सुरू करा. सलग सहा महिने किंवा जास्त ज्या देशात राहणे झाले, तिथला पोलीस दाखला मागितला जाऊ शकतो आणि तो इथे बसून मिळवायला वेळ लागतो.

२०१९मध्ये मुलीला इंग्लंडचा विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला होता. कधी व्हिसा नाकारला गेला का, हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे. आम्ही सुरुवातीला एका एजंटाकडे गेलो होतो. तो म्हणाला, दुसऱ्या देशाचा आहे, लिहू नका, कळत नाही. मी घरी आलो आणि मुलीच्या तोंडाकडे बघून ठरवले की लिहायचे. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर पाच वर्षांची बंदी येते. आम्ही नकाराचे पत्र जोडले, कारण चार ओळींत लिहिले. त्यावर पुढे एकही प्रश्न आला नाही. त्या एजंटाकडे पुन्हा गेलो नाही. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातल्या परवानाधारक सल्लागाराला किंवा तिथल्या वकिलाला असतो. नेमायचा असेल तर त्याचा परवाना क्रमांक तपासा. साधे प्रकरण असेल तर आपले आपण होते.

फाइल परत आली

एप्रिल २०२४मध्ये अर्ज गेला. जुलैत परत आला. नाकारला नव्हता, अपुरा म्हणून परत. १३४४वर दोघांच्या सह्या लागतात; आमच्या स्कॅनमध्ये मुलीच्या सहीचे पान नव्हते. पान होते, सही होती, स्कॅन करताना मी ते उलटे ठेवले आणि कोरी बाजू गेली. ते मुलीला सांगताना मला फार वाईट वाटले. ती काही बोलली नाही, आत जाऊन भांडी घासत बसली.

म्हणून सांगतो: पाठवण्याआधी अपलोड केलेली प्रत्येक फाइल परत उघडून, पान पान मोजून, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. ज्याने जमवली त्याच्या डोळ्यांना चूक दिसत नाही.

परत पाठवायला सप्टेंबर संपत आला. तोवर पोलीस क्लिअरन्सचा दाखला जुना झाला. राहत्या देशाचा दाखला अर्जाच्या वेळी सहा महिन्यांच्या आतला लागतो आणि आमचा मार्चचा. पुन्हा पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, पुन्हा पणजी, पुन्हा पोलिसांची चौकशी. त्यामुळे हा दाखला सगळ्यांत शेवटी काढा, बाकी यादीवर खुणा पुऱ्या झाल्यावर.

त्या उशिराने एक गोष्ट मात्र हाती आली. लग्नानंतरची पहिली चवथ (गणेश चतुर्थी) मुलगी डिचोलीला सासरी होती. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या आरासीखाली, सासूबाईंच्या शेजारी ओवशाचे (नव्या सुनेच्या वाणाचे) सूप घेऊन उभी, आणि मोबाइलच्या पडद्यावर कॅलगरीहून जावई. तो फोटो दुसऱ्या फाइलमध्ये गेला. नवरा दूर असताना सून सासरच्या घरात कशी आहे, हे दाखवणारा तसा दुसरा कागद आमच्याकडे नव्हता.

फोटोवरून आठवले. अर्जाचा फोटो आपल्या पासपोर्टाच्या मापाचा नाही, ५० गुणिले ७० मिलिमीटरचा लागतो, मागे स्टुडिओचे नाव-पत्ता आणि काढल्याची तारीख. फोटोवाल्याला माप कागदावर लिहून द्या.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशी चालावेत म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून घ्या असे दोघा-तिघांनी सांगितले. आमच्या यादीत ते कुठेही मागितले नव्हते, आम्ही केले नाही.

पुढे बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचे, पत्र आले आणि काही दिवसांत वैद्यकीय तपासणीचे. दोन्हींना पत्रापासून ३० दिवस मिळतात. तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चालत नाही, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आम्ही मुंबईत दोन्हींच्या वेळा लागोपाठच्या दिवशी घेतल्या आणि मडगावहून कोकणकन्येने गेलो. पासपोर्ट, पत्राची छापील प्रत, चष्मा असेल तर त्याचा नंबर, एवढे सोबत असू द्या. मेल रोज बघा, स्पॅमचा डबाही.

मुलीला सही करण्याआधी १३४४चा अर्थ मी मराठीत वाचून दाखवला होता, आणि प्रत्येक बापाने तो दाखवावा. ती पर्मनंट रेसिडेंट झाल्या दिवसापासून तीन वर्षे तिच्या अन्न, वस्त्र, निवाऱ्याची जबाबदारी नवऱ्याने लेखी घेतलेली असते. मध्ये घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. पूर्वी नव्याने गेलेल्या काही पत्नींना दोन वर्षे नवऱ्यासोबत राहण्याची अट होती, ती एप्रिल २०१७मध्ये काढली. म्हणजे त्रास झाला तर घर सोडल्यामुळे तिचा तिथे राहण्याचा हक्क जात नाही. आमचे जावई सोन्यासारखे आहेत. तरीही हे तिला माहीत असावे असे मला वाटले, आणि जावयांनी स्वतःच म्हटले, “बाबा, बरे केलेत सांगितलेत.”

शेवटचे काम दागिन्यांचे. सोबत नेतो ते आणि मागाहून येणार ते, अशा दोन याद्या करायच्या. तिथे उतरल्यावर सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याला द्यायच्या. मंगळसूत्र, पाटल्या, आजीची नथ, प्रत्येकाचा फोटो आणि सराफाकडून किंमत लिहून घेतली. याद्या, कायम वास्तव्याचे पत्र, लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत आणि खुलाशाचे ते एक पान तिच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवले, मोठ्या बॅगेत नाही. मोपाच्या विमानतळावर आत जाण्याआधी तिने ती पिशवी उघडून मला पुन्हा एकदा सगळे मोजून दाखवले.